दाजी, ते पोतं शेतातच राहू द्या

आठ दिवसांपासून एक मेसेज फिरतोय. म्हणणं चार गोष्टींचं. लिटरभर डिझेलमधून अडीच किलो कार्बन डायऑक्साइड निघतो ही थाप. ट्रकचा धूर साफ करायला लागणारा युरिया म्हणजे कंपन्यांची लूट, शेतातलाच पाण्यात कालवून टाका. बीएस-६ या गाड्यांच्या धुराच्या सरकारी नियमामुळं कार्बन कमी होतच नाही. आणि इंजिनवाले नवीन काही करत नाहीत, नुसत्या किमती वाढवतात. एरवी मी असलं वाचून सोडून देतो. पण लातूरच्या मोंढ्यातून सोयाबीन भरणाऱ्या आमच्या दाजींनी तो नुसता वाचला नाही, करून पाहिला!

आधी डिझेलचं. "लिटरभर डिझेलचं वजनच ८३० ग्रॅम, मग अडीच किलो येतो कुठून?" हवेतून येतो, बाबांनो. डिझेलच्या वजनात सुमारे ८६ टक्के कार्बन असतो. जळताना १२ ग्रॅम कार्बन हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. ८३० ग्रॅमचा हिशेब मांडा, २.६ किलो येतात. दहावीचं पोरगं करून देईल.

आता युरिया, ज्यासाठी हे लिहायला बसलो. धुराच्या नळीत युरियाचं पाणी फवारलं जातं, उष्णतेनं त्याचा अमोनिया होतो आणि तो नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन आणि पाणी करतो. 'युरिया तो युरियाच' म्हणणाऱ्यांनी आयएसओ २२२४१ हे या द्रावणाचं जागतिक मानक बघावं. द्रावणात युरिया ३२.५ टक्के, बाय्युरेट (युरिया बनवताना त्यात तयार होणारा नको असलेला पदार्थ) जास्तीत जास्त ०.३ टक्के, कॅल्शियम किलोमागं अर्धा मिलिग्रॅम. खताच्या युरियात बाय्युरेट दीड टक्क्यापर्यंत चालतं. म्हणजे तेवढंच पातळ केलं तरी ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास जाऊ शकतं. त्यात २०१५पासून युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झालाय. तो पिकासाठी चांगला, युरिया फवारणाऱ्या ट्रकच्या नोझलसाठी नाही.

आणि पाणी? पिण्याच्या चांगल्या पाण्यातसुद्धा लिटरला ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम चालतं. या मानकाच्या दीडशे पट झालं ते! आपल्या बोअरचं पाणी तर हिटरच्या कॉइलचं काय करतं, ते घरोघर माहीत आहे.

दाजींनी बादलीत बोअरचं पाणी घेतलं, पोत्यातला युरिया अंदाजपंचे टाकला, वर तेलकट तवंग आला तो हातानं बाजूला केला आणि ताईच्या चहाच्या गाळणीनं गाळून टाकी भरली. तिसऱ्या दिवशी औसा रोडला डॅशबोर्डवरची बिघाडाची लाइट लागली, भरलेली गाडी ओढेना. मेस्त्रीनं नोझल काढून तळहातावर ठेवलं. टोकाला पांढरा कडक थर, नखानं निघेना. ते भाडं तर गेलंच, वर गाडी किती दिवस उभी राहिली ते दाजी अजून नीट सांगत नाहीत.

वर हा अनुदानाचा युरिया. ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशाला मिळतं ते पिकासाठी, शेतीबाहेर वापरायला बंदी आहे. पेरणीनंतर एका पोत्यासाठी दुकानासमोर रांगेत उभं राहणाऱ्यांनीच हा मेसेज पुढं ढकलावा, याला काय म्हणावं?

तिसऱ्या मुद्द्यात थोडं खरं आहे, कबूल करतो. एप्रिल २०२०ला आलेलं बीएस-६ मुख्यतः नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी आणि काजळीसाठी आहे. युरिया फुटताना थोडा कार्बन डायऑक्साइडही सुटतो. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीचा काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो, हेही खोटं नाही. पण इंजिनात जाळ जितका गरम, तितकं काम जास्त निघतं आणि तितकेच हे ऑक्साइडही वाढतात. ते मागं नळीत साफ होणार असतील, तर इंजिन ॲव्हरेजसाठी बांधता येतं. तेवढं डिझेल वाचलं की तेवढा कार्बनही वाचला. मेसेजवाल्याला एवढं कुठलं कळायला.

'नवीन काही नाही' हे तर धडधडीत खोटं. अशोक लेलँड आणि रिलायन्सनं फेब्रुवारी २०२३मध्ये हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनाचा ट्रक दाखवला. बजाजची सीएनजी मोटारसायकल जुलै २०२४ला आली. टाटा मोटर्सनं मार्च २०२५मध्ये हायड्रोजनच्या १६ ट्रकांची चाचणी सुरू केली, त्यात हायड्रोजन इंजिनात जाळणारेही आहेत. टोयोटानं इथेनॉलवर चालणारी इनोव्हा ऑगस्ट २०२३मध्येच दाखवली होती. इथेनॉलच्या उसाला मराठवाड्यानं पाणी कुठून आणायचं, ते भांडण वेगळं. आणि गंमत म्हणजे हायड्रोजनच्या इंजिनातही हवा तापली की तेच नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात, म्हणजे युरियाची टाकी तिथंही लागू शकते.

दाजींनी मेसेज डिलीट केला. ताईनं गाळणी फेकून दिली, नवी मात्र दाजींनी अजून आणलेली नाही.