आयफेल, शंभर वर्षांचे पत्र आणि गंज

पावसाळा तोंडावर आला की गोव्यात एक संदेश मोबाइलवरून फिरू लागतो. वर सावर्डे-कुडचडे येथील कोसळलेल्या जुन्या लोखंडी पुलाचे छायाचित्र आणि खाली चार विधाने: हा पूल आयफेल टॉवरवाल्या आयफेलने बांधला, त्याला कधी देखभाल लागली नाही, ‘शंभर वर्षे झाली, आता पूल मोडा’ असे पत्र बांधणाऱ्या कंपनीने पाठवले होते, आणि पोर्तुगिजांचे पूल टिकले, आमचे पडले. मला तो यंदा तीन गटांतून आला, त्यांतला एक देवस्थानाचा असल्यामुळे तिथे वाद घालणे प्रशस्त वाटले नाही.

आयफेलचे नाव हवेतून आलेले नाही, हे आधी मान्य करतो. पोर्तुगालमधील पोर्तो शहरातला मारिया पिया रेल्वेपूल (१८७७) आणि विआना दो कास्तेलो येथील पूल (१८७८) त्याच्याच कंपनीने बांधले. पण पोर्तोतच मारिया पियापासून जवळ असलेला १८८६चा दों लुईश पूल आयफेलचा एके काळचा भागीदार तेओफिल सेरिग याने आराखडा करून एका बेल्जियन कंपनीकरवी उभा केला, आणि तरीही तो आजतागायत आयफेलच्या नावावर खपवला जातो. जिथे मूळ नगरातच ही गत, तिथे सावर्ड्याच्या पुलाला ते नाव चिकटले तर नवल नाही. मात्र ट्रस, म्हणजे पोलादी त्रिकोणांच्या जाळीचा सांगाडा, त्या काळी युरोपातले कितीतरी कारखाने तयार करीत होते. केवळ आकारावरून त्याचा कर्ता सांगणे म्हणजे छपराची कौले पाहून घराच्या गवंड्याचे नाव सांगण्यासारखे आहे.

देखभालीचे विधान सर्वांत घातक आहे, कारण ते ऐकायला सर्वांत गोड आहे. ज्या आयफेलची साक्ष काढली जाते, त्याचा पॅरिसचा टॉवर साधारण दर सात वर्षांनी सुमारे साठ टन रंगाने पुन्हा रंगवावा लागतो. जुन्या पुलांचे सांधे रिव्हेटचे असत: लालबुंद तापवलेली खीळ भोकात घालून ठोकायची, ती निवताना आक्रसते आणि दोन पत्रे घट्ट आवळून धरते. या पत्र्यांच्या फटीत एकदा पाणी शिरले की आत गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापत असल्याने तो पत्र्यांना आतून फाकवतो. गोव्यात कोणत्याही बेवारस लोखंडी कठड्याला नखाने खरवडून पाहावे; वरचा रंग शाबूत दिसतो आणि खालून मात्र पापुद्रे सुटून येतात. साध्या ट्रसमध्ये मोजकेच दांडे सगळा भार वाहतात, त्यामुळे एखादा मुख्य दांडा असा कुजला की त्याचे काम उचलायला दुसरा नसतो.

सावर्ड्याला १८ मे २०१७ रोजी संध्याकाळी घडले ते या पार्श्वभूमीवर पाहावे. तो पूल कित्येक वर्षे वापरासाठी बंद होता. नदीत उडी घेतलेल्या तरुणाचा शोध चालू असताना बघ्यांची गर्दी त्यावर चढली आणि पुलासकट सुमारे पन्नास माणसे पाण्यात पडली. खेटून उभ्या राहिलेल्या गर्दीचा भार अभियंते दर चौरस मीटरला चारशे ते पाचशे किलो धरतात. रंग आणि डागडुजीवाचून राहिलेल्या सांगाड्यावर एवढा भार अचानक आणणे आणि त्याच सांगाड्याच्या छायाचित्राखाली ‘देखभाल लागली नाही’ असे लिहिणे, ही विसंगती संदेश पुढे ढकलणाऱ्यांच्या ध्यानात कशी येत नाही, हे मला उमगलेले नाही.

पत्राबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. त्यात ना कंपनीचे नाव, ना तारीख, आणि अशीच कथा महाराष्ट्रातल्या जुन्या पुलांबाबत ‘इंग्रज कंपनी’ घालून सांगितली जाते. औषधाच्या बाटलीसारखी मुदत पुलावर छापलेली नसते. वाहतुकीचा भार, पाण्यातला खारटपणा आणि तपासणी यांवर त्याचे आयुष्य ठरते.

राहिली पोर्तुगिजांचे पूल टिकल्याची गोष्ट. डिसेंबर १९६१मध्ये भारतीय सैन्य आत शिरताच पोर्तुगीज सैन्याने डिचोली, शापोरा, अस्नोडा येथले पूल स्वतःच उडवले. बोरीचा पूलही त्यांनीच उडवला, आणि आपल्या जवानांना पुलावाचून नदी ओलांडावी लागली. रायबंदरचा १६३३-३४ मध्ये बांधलेला लांबलचक बांधपूल आजही वाहता आहे, पण तो दगडी आहे. लोखंडाच्या बाजूने त्याची साक्ष काढता येत नाही.

आमचा पूल पडला, हे मात्र खरे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. १९७०मध्ये खुला झालेला मांडवीवरचा पहिला पूल ५ जुलै १९८६ रोजी, म्हणजे सोळा वर्षांतच कोसळला. तो काँक्रीटचा होता, तरी त्याच्या पोटात ताणलेल्या पोलादी तारा होत्या, आणि त्याच्या पडझडीच्या कारणांत त्या तारांच्या गंजाचा उल्लेख आवर्जून होतो. नवा पूल १९९२मध्ये खुला होईपर्यंत पणजी-बेतीची माणसे फेरीबोटीच्या रांगेत उभी होती.