कचरा द्यायला जाताय? थांबा

ई-कचरा संकलन केंद्रावर जायचं तर तयारी दहा वर्षं आधी सुरू करावी. माल माळ्यावर मुरवावा लागतो. जळालेला मिक्सर, ज्यांचे फोन कधीच गेले असे चार्जर, पोट फुगलेली मोबाईलची बॅटरी, रंगीत तारांचा गुंता. मध्येच कोणी टाकायचं नाव काढलंच, तर 'लागेल कधीतरी' एवढंच म्हणावं.

मग एखाद्या रविवारी मोहीम असल्याचा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर येतो. सोबत काय घेतील, काय नाही याची यादी असते. ती वाचू नये. वाचली तर तिथे जाऊन वाद कशावर घालणार? सगळं एकाच गोणीत कोंबावं. सीएफएलचे दिवे तळाशी, मिक्सर वर. दिव्यात पारा असतो खरा, आणि दिवे, बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधं हा 'घरगुती घातक कचरा' वेगळा ठेवा असं 2016 च्या घनकचरा नियमांनीच सांगितलं. पण नियम सरकारने केले, तर पाळावेतही सरकारनेच. केंद्र चौकापलीकडे असलं तरी गाडीच काढावी.

पोचल्यावर गोणी ओतून विचारावं, 'याचे किती देणार?'

'काही नाही काका.'

इथे चेहरा पाडावा. भंगारवाला तांब्याचे पैसे तरी देतो! वायरचं प्लॅस्टिक उघड्यावर जाळून तांबं काढतात म्हणे, पण धूर त्यांच्या वस्तीत आणि नोटा आपल्या खिशात, म्हणजे व्यवहार चोखच.

दिवे फुटलेत म्हणून टेबलामागच्या ताई बोलल्याच, तर घरी येऊन सांगावं, 'ती कचरेवाली फारच उद्धट.' कचरा आपला आणि कचरेवाली ती, ही सोय भाषेनेच करून ठेवली आहे. पुण्यात कचरावेचकांनी 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभारली, पुढे ओळखपत्रंही मिळवली. आपण शब्द बदलायची घाई करू नये. त्यांनी फक्त तीसच वर्षं वाट पाहिली आहे.

निघताना शेजारच्या ढिगात मिक्सरचं भांडं दिसेल. झाकणासकट, जवळजवळ नवं. आपल्या मिक्सरला अगदी बसेल असं. तेव्हा आधी मिक्सर परत घ्यावा.

'काका, तो जळालाय ना?'

'असू दे हो. लागेल कधीतरी.'