आठवीनंतर बाक वेगळे का?

प्रवेशाचा हंगाम आला की पुण्यातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के मोफत जागांचा, विषय निघतोच. ‘त्या पंचवीस टक्के मुलांमुळे वर्गाचा दर्जा घसरतो’ असं म्हणणारे मामा-मावश्या मनाने वाईट नाहीत. फी भरताना त्यांचीही ओढाताण होते. पण मुलांना ‘ग्लोबल एक्सपोजर’ही त्यांनाच हवं असतं, आणि त्यासाठी ते आणखी महागडी शाळा शोधतात. मुलगी इथे कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमध्ये हायस्कूलला जायला लागल्यापासून मला ही विसंगती फार टोचते.

कॅनडात सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून मिळते, फी नसते. मुलीच्या विज्ञानाच्या गटात एक सोमाली मुलगा, एक पंजाबी आणि एक फिलिपिनो मुलगी. गट बाईंनी पाडलेले. रमजानात प्रोजेक्ट आला. व्हिडिओ कॉलची वेळ ठरवताना पंजाबी मुलीने त्या मुलाला विचारलं, ‘तुझा इफ्तार किती वाजता?’ साडेआठ ठरले आणि सगळे कामाला लागले. कुणालाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

हीच मुलं जेवणाच्या सुट्टीत मात्र आपापल्या टेबलावर जातात. तमिळ तमिळांत, पंजाबी पंजाब्यांत. म्हणजे एका छपराखाली आणून भागत नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच हे मांडलं होतं: बरोबरीचा दर्जा, एकच उद्दिष्ट, एकमेकांच्या मदतीने करायचं काम आणि वरिष्ठांचा पाठिंबा असेल तर पूर्वग्रह ओसरतात. शाळेच्या ‘मल्टिकल्चरल नाइट’ला समोसे वाटून हे साधत नाही. गट पाडणाऱ्या बाईंमुळे साधतं.

इथेही सगळं आलबेल नाही. महागड्या वस्तीतल्या शाळेत त्या वस्तीचीच मुलं दिसतात. आणि आपली जात आपल्याबरोबर इथवर आलीच आहे. टोरांटोच्या शाळा मंडळाने मार्च २०२३ मध्ये जातिभेदाबाबत ऑन्टारिओ प्रांताच्या मानवी हक्क आयोगाची मदत घ्यायचा ठराव केला, तेव्हा भारतीयांमधूनच विरोध झाला. मला तो ठराव गरजेचा वाटतो. इफ्तारची वेळ शिकलेल्या मुलांना एकमेकांची आडनावं चाचपायची सवय लागायला नको.

महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना २५ टक्क्यांतून मोकळं केलं होतं. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली, हे फार बरं झालं. पण मूळ कायद्यातली मेख तशीच आहे: हा हक्क आठवीला संपतो. नववीची फी घरच्यांना झेपली नाही, तर मूल शाळा बदलतं. जातपात, धर्म, पैसा यांबद्दल मुलांची मतं पक्की व्हायला लागतात, नेमक्या त्याच वयात बाकावरचा सोबती उठून जातो. उरलेल्यांनाही यात तोटा आहे, आणि त्याबद्दल ग्रुपवर कुणी चकार शब्द काढत नाही.

हा हक्क निदान दहावीपर्यंत न्यायला हवा. तोवर माझ्या मामा-मावश्यांना एवढंच सांगणं आहे: नातवंडांसाठी शाळा बघायला जाल तेव्हा पोहण्याच्या तलावाबरोबर आणखी एक गोष्ट विचारा. आरटीईतून आलेल्या मुलांपैकी नववीत किती टिकली, आणि ती कुणाशेजारी बसतात?