स्पीकर जरा हळू करा, मांडवी बघायचीय

पणजीच्या जेटीवरून संध्याकाळी सुटणाऱ्या तासाभराच्या बोटीबद्दल मी वाईट काही बोलणार नाही. पाहुणे आलेत, मुलं सोबत आहेत, वेळ नाही, तर जावं, नाचावं, फोटो काढावेत. फक्त त्याला नदीची सफर म्हणू नये. बाहेर अंधार, मधे कॅसिनोंचा झगमगाट आणि कानाशी डीजे. उद्या ती बोट धक्क्यालाच बांधून ठेवली तर निम्म्या लोकांना कळायचंही नाही.

मला बोलायचंय ते दिवसाच्या बोटीबद्दल. सकाळी सुटते, मांडवीतून वर कुंभारजुव्याच्या कालव्यापर्यंत जाते, जेवण बोटीवरच, गाणारे-वाजवणारे सोबत, आणि उन्हं कलायच्या आत पणजीला परत. आपले लोक हिला नाक मुरडतात. "दुपारचं ऊन कोण खाणार?" आणि पैसे देऊन स्वतःच्याच नदीत फिरायचं, हे तर गोंयकाराच्या पचनीच पडत नाही. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. पर्यटक जावोत न जावोत, ही बोट आपण घ्यायला हवी. आणि घेतली की पहिली मागणी करायची, स्पीकर बंद ठेवण्याची. वाद्यं राहू देत, स्पीकर नको.

या हिवाळ्यात सांगलीहून नणंद, तिचे यजमान आणि आत्येसासूबाई आल्या होत्या. समुद्र त्यांचा बघून झालेला. आत्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे जुन्या गोव्यातल्या चर्चच्या पायऱ्या, किल्ले वगैरे बाद. मग बोट. मी फोंड्याची, पणजीत नोकरीला. बाणस्तारीच्या पुलावरून रोजची ये-जा. तो पूल ज्या पाण्यावर आहे तेच पाणी बोटीतून बघायचं, म्हणून माझाही उत्साह होताच.

पुलांखालून जाताना भावोजींनी विचारलं, "वहिनी, एकाशेजारी एक तीन-तीन पूल कशाला?" मग ५ जुलै १९८६ ची गोष्ट सांगावी लागली. त्या दिवशी मांडवीवरचा जुना पूल कोसळला आणि अख्खी पणजी पुन्हा फेरीबोटीवर आली. आमच्या पिढीला ते दिवस लख्ख आठवतात. ऑफिसला जाणारे, मासळीच्या पाट्या, लग्नाची वऱ्हाडं, सगळे एकाच रांगेत. वरचा केबलवाला अटल सेतू तर अगदी अलीकडचा, २०१९ चा.

पुढे उजव्या हाताला रायबंदरचा बांध-रस्ता लागतो. पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेला, आणि अजून वापरात. डावीकडे चोडण बेट, आणि त्याच्या टोकाला सालीम अली पक्षी अभयारण्य. जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, सगळी खारफुटी. ओहोटी लागली होती. चिखलातून खारफुटीची मुळं श्वास घ्यायला वर आलेली, त्यांच्यामधून बगळे एकेक पाय मोजून टाकत होते, आणि एका वाकलेल्या फांदीवर खंड्या. आत्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. आणि नेमकं त्याच वेळी बोटीवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापायला घेतला आणि स्पीकरमधून असा काही ठोका सुरू झाला की खंड्या गेलाच, त्याच्या मागोमाग बगळेही गेले.

हे त्या एकाच बोटीचं नाही, सगळीकडे हेच. नदीतली बोट म्हणजे तरंगता लग्नाचा हॉल, अशी कल्पना करून घेतलीय आपण.

चोडण-दिवाडीच्या काठाने जाताना दाखवण्यासारखं काय काय असतं बघा. काठाला मातीचे, चिऱ्यांचे बांध आहेत. त्यांच्यामागे खाजन शेती. समुद्रसपाटीच्याही खाली असलेली ही जमीन आपल्या पूर्वजांनी खाऱ्या पाण्याकडून हिसकावून घेतली. बांधात मधेच एक मानस असते, म्हणजे लाकडी झडप. भरतीचं पाणी आलं की त्याच्याच दाबाने ती मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. मोटर नाही की वॉचमन नाही. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती, त्यामुळे एका मानशीतून पाणी धो-धो बाहेर पडताना दिसलं, आणि त्या तोंडाशी एकजण जाळं लावून उभा. पाण्याबरोबर जे बाहेर येईल ते त्याचं. भावोजी इंजिनिअर. त्यांना ताजमहाल दाखवला असता तरी एवढे खूश झाले नसते. बोटीवरचा निवेदक तेव्हा काय सांगत होता? "लेडीज अँड जंटलमेन, कपल डान्स!"

दिवाडीच्या बाजूने जाताना मी आत्यांना सप्तकोटेश्वराचं सांगितलं. मूळ देऊळ या दिवाडी बेटावरचं, गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदी ओलांडून नार्व्याला गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आत्यांनी लगेच हात जोडले. कुठल्या दिशेला जोडायचे तेही विचारलं नाही.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिसते ती व्हाइसरॉयची कमान. लिस्बनहून आलेला प्रत्येक नवा व्हाइसरॉय तिच्याखालून शहरात शिरायचा. रस्त्याने गेलात तर ती पाठमोरी वाटते, कारण तिचं तोंड नदीकडे आहे. ते शहरच नदीकडे तोंड करून बसलेलं होतं. सेंट ऑगस्टिन चर्चचा उरलेला मनोरा माडांच्या वर डोकावतो. त्याची घंटा आता पणजीच्या चर्चमध्ये आहे, १८७१ पासून.

मग कुंभारजुव्याचा कालवा. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारं हे पाणी माझ्या मते गोव्यातलं सगळ्यात दुर्लक्षित ठिकाण. पावसाळ्यात आग्वादपाशी मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा धोक्याचा होतो, तेव्हा खनिजाच्या बार्ज याच कालव्यातून मुरगाव बंदराला जायच्या. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे पाणी एकेकाळी सरहद्द होतं. एका काठाला तिसवाडी, म्हणजे पणजी-जुन्या गोव्याची बाजू, १५१० पासून पोर्तुगीजांची. दुसऱ्या काठाला अंत्रुज महाल, म्हणजे आमचा फोंडा, तेव्हा आदिलशाहीत. देवळं पडायला लागली तेव्हा लोकांनी देव उचलले आणि रात्री-अपरात्री पाणी ओलांडून या बाजूला आणले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. सांगली-कोल्हापूरची माणसं बसने येतात, रांगेत उभी राहून दर्शन घेतात, पेढे घेतात आणि जातात. देव इथे का आले हे कळायला एकदा तरी पाण्यातून यावं लागतं.

आणि मगरी. खऱ्याखुऱ्या. आदिलशहाने बेटाच्या राखणीला सोडल्या अशी दंतकथा आहे, ती राहू दे बाजूला. खाऱ्या-गोड्या पाण्यात टिकून राहिलेल्या या मगरींना आमच्याकडे माणगे म्हणतात. फोंडा तालुक्यातले गावडे लोक पौष अमावास्येला शेतात चिखलाची मगर करून पुजतात, माणगे थापणी म्हणतात तिला. बांध राखायचा तर पाण्यातल्या धन्याला सांभाळून घ्यायला हवं, असा त्यातला हिशेब. हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी या मगरी ऊन खायला चिखलावर येतात. म्हणजे नेमक्या दुपारी, लोक ज्या उन्हाला नावं ठेवतात त्याच उन्हात. आम्हाला एक दिसली. आधी सगळ्यांना लाकडाचा ओंडका वाटला. मग ओंडक्याने जबडा उघडला आणि तसाच उघडा ठेवून पडून राहिला. खलाशाने इंजिन मंद केलं आणि न सांगता स्वतःच स्पीकरची वायर काढली. त्या माणसाला माझा मनापासून नमस्कार. वाढदिवसवाले आधी ओरडले, मग बघितलं आणि गप्प झाले. त्यांच्यातला एक मुलगा तर परत येईपर्यंत कठड्याला चिकटून होता.

आता वादकांचं. दोघे होते. एक कीबोर्डवाला, त्याच्या यंत्रातच तबला-ढोलक भरलेला. दुसरा गिटारवाला, वय साठीच्या आसपास, कमी बोलणारा. वायर निघाल्यावर कीबोर्ड बंद पडला, पण गिटार चालू राहिली. त्याने एका मांडोची चाल धरली, अगदी हळू. मांडो म्हणजे ख्रिस्ती घरांतलं जुनं प्रेमगाणं, व्हायोलिन आणि घुमट नावाच्या मातीच्या तालवाद्याच्या साथीवरचं. त्याची लय वल्ह्याच्या लयीला इतकी जवळची की नदीवर ती कानाला बोचतच नाही. घुमटावर पूर्वी घोरपडीचं कातडं चढवत, आता कायद्याने बंदी, म्हणून बकऱ्याचं चढवतात. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. ते वारसा वाद्य या बोटीवर का नाही, एवढं कुणीतरी मला सांगा.

आत्यांनी गिटारवाल्याला एक जुनं हिंदी गाणं सांगितलं, शंकर-जयकिशनचं. नणंद कुजबुजली, "इथे येऊन पुन्हा हिंदीच?" मी म्हटलं, वाजवू दे. त्या काळच्या मुंबईच्या वाद्यवृंदात निम्मे आपलेच लोक होते. शंकर-जयकिशनच्या चालींना वाद्यांची मांडणी करून देणारे सबॅस्टियन डिसोझा गोव्याचे, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली ही पोरं. इकडे देवळांच्या बाजूने मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर, केरीच्या केसरबाई. केसरबाईंची भैरवी तर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून आकाशात गेली. ज्या तालुक्याचा आवाज सूर्यमालेबाहेर पोचला, त्याच्या काठाने जाताना कीबोर्डच्या यंत्रातला ढोलक ऐकायचा? मांडो वाजवा, घुमट वाजवा, दुपारचं एखादं नाट्यगीत वाजवा. आत्या सांगलीच्या. विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर' तिथे झालं १८४३ मध्ये. त्याच वर्षी पणजी अधिकृत राजधानी झाली, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे आम्ही बरोबरीचे." बोट संपेपर्यंत त्या त्याच तोऱ्यात होत्या.

जेवण. इथे माझा खरा राग आहे. पनीर, जिरा राईस, नूडल्स, आणि फिश करी म्हणून एक केशरी पाणी, त्यात कुठल्यातरी फ्रीजरमधला तुकडा. बोटीखाली मांडवी, मांडवीत काळुंदर, शेवटे, चणक, सुंगटं. दोन्ही काठांवर खाजनातली कोळंबी. आणि ताटात नूडल्स! बोटीच्या मागच्या बाजूला खलाशी आपला डबा उघडून बसले होते. उकड्या तांदळाचं शीत, म्हणजे भात, सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, आणि सुक्या जवळ्याची किसमूर, वर ओलं खोबरं. वासानेच भावोजी तिकडे ओढले गेले. त्या मंडळींनी मूठभर शीत वाढून दिलं त्यांना, पानावर. पुण्या-सांगलीत जाऊन भावोजी सफरीतलं काही सांगतात की नाही ठाऊक नाही, किसमुरीचं मात्र सांगतायत. परवा फोनवर रेसिपी विचारली.

परत आल्यावर मी बोटीच्या व्यवस्थापकाला हे सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, लोकांना हेच हवं असतं." असेल. पण लोकांना दुसरं काही दिलंय कधी? मगर दिसली तेव्हा डान्स फ्लोअरवर कुणी उरलं नव्हतं, हे त्यानेही पाहिलंच होतं.

काहीजण म्हणतील, म्हादईचं, म्हणजे वरच्या अंगाच्या याच मांडवीचं, पाणी वळवायचा प्रश्न पेटलेला असताना हिला बोटीतल्या गाण्याचं पडलंय. माझ्या लेखी हे दोन वेगळे विषय नाहीत. लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, हा आकडा आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. वरून गोडं पाणी कमी आलं तर खारं पाणी आत सरकणार, म्हणजे कुठल्या मानशीपर्यंत, कुणाच्या शेतात, हे डोळ्यांसमोर यायला ते शेत एकदा पाण्यावरून बघितलेलं हवं.

तर जायचं असेल त्यांच्यासाठी. तिकीट काढायच्या आधी ओहोटीची वेळ विचारा, सुकती दुपारी असेल असाच दिवस धरा. भरतीला चिखल बुडतो आणि मगरी दिसत नाहीत. डिसेंबर-जानेवारी उत्तम. जाताना चोडण-दिवाडी डाव्या हाताला, जुने गोवे उजव्या हाताला, त्यामुळे एका जागी बसून राहू नका. खिशाला झेपत नसेल तर रायबंदरहून चोडणची फेरीबोट आहे, आणि तिच्यावर स्पीकरही नाही. शाकाहारी असाल तर घरून डबा न्या. मांसाहारी असाल तरी न्या. आणि टोपी विसरू नका, छत असलं तरी पाण्यावरचं ऊन खालून लागतं.