एकजुटीला शत्रू लागतोच का? : एका आक्षेपाला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. गटांतर्गत सहकार्य आणि दुसऱ्या गटाविषयीचे वैर या दोन वेगळ्या प्रेरणा आहेत, हे माझे प्रतिपादन आपल्याला भाबडे वाटते. माणसे एकत्र येतात तीच मुळी कोणाच्या तरी विरोधात, असे सांगताना आपण ताजफेल आणि शेरीफ या सामाजिक मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग व चॉय-बोल्स या अर्थशास्त्रज्ञांचे उत्क्रांतीविषयक प्रतिमान पुढे केले आहे, आणि गटांच्या ओळखी पुसल्याशिवाय शांतता अशक्य आहे, असा निष्कर्ष काढला आहे. पुरावे वजनदार आहेत. मात्र आपण म्हणता ते त्यांतून सिद्ध होते, असे मला वाटत नाही.

हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टलमधील शाळकरी मुलांना क्ले की कँडिन्स्की, कोणाची चित्रे आवडली, अशा क्षुल्लक निमित्ताने दोन गटांत विभागले. आपल्या गटात कोण आहे हेही त्यांना ठाऊक नव्हते आणि वाटायचे पैसे स्वतःला मिळणारे नव्हते. तरीही 1971 साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले आणि दोन गटांतले अंतर वाढावे म्हणून स्वगटाचा थोडा तोटा पत्करण्याकडेही त्यांचा कल दिसला. हा शेवटचा भाग आपल्या बाजूचा आहे, यात वाद नाही. परंतु पुढे अमेली मुमेन्डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पैशांऐवजी कर्कश आवाजाचा त्रास कोणाला किती द्यायचा हे ठरवायला सांगितले, तेव्हा अशा कृत्रिम गटांतला पक्षपात बहुतांशी मावळला. आपल्या माणसाला चार घास जास्त वाढणे आणि परक्याच्या ताटात माती कालवणे यांत फरक आहे, आणि तो माणसे पाळतात.

याहून निर्णायक पुरावा माझ्या मते 2008 सालचा आहे. त्याआधीच्या गटसंघर्षाच्या प्रयोगांत सहभागी व्यक्तीपुढे दोनच मार्ग असत : पैसे स्वतःजवळ ठेवणे, किंवा स्वगटाचा फायदा आणि परगटाचे नुकसान एकाच वेळी करणाऱ्या निधीत टाकणे. लोक निधीत पैसे टाकत, पण ते आपुलकीपोटी की द्वेषापोटी, हे त्या रचनेतून कळणे शक्यच नव्हते. हालेवी, बोर्नस्टाइन आणि सागिव्ह यांनी तिसरा मार्ग खुला केला, ज्यात स्वगटाला तेवढाच लाभ होई आणि परगटाला मात्र काहीच इजा होत नसे. बहुतेक योगदान तिकडे वळले. गटातल्या माणसांना आपसांत बोलू दिल्यावर तर हे निरुपद्रवी योगदान वाढले, दुखापत करणारे वाढले नाही. एकजुटीला शत्रू अनिवार्य असता, तर असे घडले नसते.

शेरीफ यांच्याबाबत आपण 1954 सालच्या ओक्लाहोमातील शिबिराचाच, म्हणजे मुलांचे दोन गट पाडून त्यांच्यात स्पर्धा लावल्यावर वैर पेटले त्या प्रयोगाचाच, उल्लेख केला आहे. आदल्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात त्यांनी असेच शिबिर घेतले होते. तिथे मुलांची आधी मैत्री झाली, मग त्यांचे गट पाडले गेले आणि प्रयोगकर्त्यांनी कुरापती काढूनही भांडण पेटले नाही. मुलांना संशय आला तो प्रयोगकर्त्यांचाच, आणि तो प्रयोग अर्धवट सोडावा लागला. हे शिबिर चर्चेत क्वचितच येते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

चॉय आणि बोल्स यांचे 2007 सालचे काम संगणकीय अनुकरण आहे. परोपकार आणि परक्यांविषयीचे शत्रुत्व ही वृत्तींची जोडी युद्धांच्या आधारे टिकू शकली असती, एवढेच ते दाखवते. एखादी वृत्ती कशी उपजली यावरून ती आज कशामुळे जागी होते, हे ठरत नाही.

आपल्या प्रतिक्रियेतली एक चिंता मात्र मला पूर्णतः ग्राह्य वाटते, आणि ती आपण जिथे मांडली आहे त्याहून अधिक खोल आहे. द्वेष नसतानाही मोठे नुकसान होते. नोकरी, शिफारस, कर्ज, विश्वास हे सारे प्रत्येकाने निव्वळ प्रेमाने आपल्याच लोकांना दिले, तर बाहेरचा माणूस कोणाचाही शत्रू नसताना वंचित राहतो. मॅरिलिन ब्रूअर यांनी 1999 साली हा मुद्दा नेमकेपणाने मांडला. शिवाय इन्स्को व शॉप्लर यांच्या प्रयोगांत हेही दिसले की, एकएकटी माणसे जिथे सहकार्य करतात तिथे त्यांचे गट स्पर्धा करू लागतात, कारण समोरचा गट फसवील ही भीती आणि आपल्या गटासाठी म्हटले की लोभही उजळ माथ्याने मिरवता येतो, ही सोय. म्हणून भीती कमी करणारे नियम आणि पारदर्शकता यांना मी महत्त्व देतो. एकमेकांवर प्रेम करण्याच्या आवाहनांनी ती कमी होत नाही.

राहिला ओळखी पुसण्याचा उपाय. ओक्लाहोमात पाणीपुरवठा बंद पडणे, वाहन अडकणे अशा, एका गटाला एकट्याने न सुटणाऱ्या अडचणी आल्यावर वैर ओसरले. गटांची नावे तशीच राहिली. परतीच्या वाटेवर ‘रॅटलर्स’ गटाने आधीच्या एका स्पर्धेत जिंकलेले 5 डॉलर ‘ईगल्स’सह सर्वांच्या पेयांवर खर्च केले, आणि तो निर्णय त्यांनी गट म्हणूनच घेतला होता.