कणसाला मीटर नसतं

नळस्टॉप ते पुणे स्टेशन, साडेपाच किलोमीटर. रिक्षावाला मान न वळवता म्हणाला, "दीडशे." मी फुटपाथवरच वर्ग घेतला. पहिल्या दीड किलोमीटरला २५, पुढे किलोमीटरला १७, म्हणजे २५ अधिक ६८, झाले ९३. २०२२पासून सरकारी दर हाच आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, रिक्षा चालू केली आणि गेला. मला न घेता.

रिक्षाच्या मीटरचे काय लाड असतात बघा. दर बदलला की कॅलिब्रेशन, पासिंग, सील. सगळं झालं की त्याच्यावर फडकं.

मग ॲप उघडलं. कॅब ९८ रुपये! लगेच ड्रायव्हरचा फोन. "कुठं जायचंय? कॅश का ऑनलाइन? साहेब, ॲपचा रेट परवडत नाही. आरटीओ रेटनं द्यावे लागतील. पहिल्या दीड किलोमीटरला ३७, पुढं २५. तुमचे १३७ होतात."

हिशोब बरोबर होता, हेच झोंबलं. "ॲपवर दिसतंय तेच देणार," मी ठणकावलं.

"मग तुम्हीच कॅन्सल करा."

या 'तुम्हीच'मध्ये खोच आहे. ॲपवरच्या गाड्यांसाठीच्या राज्याच्या २०२५च्या धोरणाप्रमाणे ड्रायव्हरने रद्द केलं तर भाड्याच्या दहा टक्के किंवा १०० रुपये, यातलं जे कमी ते त्याला दंड; प्रवाशाने केलं तर पाच टक्के किंवा ५०. म्हणजे त्याचे नऊ रुपये ऐंशी पैसे, माझे चार नव्वद. एवढ्यासाठी आम्ही दोघं सहा मिनिटं एकमेकांच्या बोटाची वाट बघत होतो. शेवटी मीच दाबलं.

शेजारी कणसाची गाडी. मावशी निखाऱ्यांवर पुठ्ठा हलवत सगळं ऐकत होत्या.

"दादा, मगाशी रिक्षावाल्याला सरकारी रेट सांगत होता ना?"

"हो, मग? नियम आहे तो."

"आणि आता कॅबवाला सरकारी रेट मागत होता, त्याला नाही म्हणालात."

"मावशी, ॲपवर ९८ दिसत होते."

"माझं कणीस चाळीसला. उद्या तुमच्या मोबाइलवर पंचवीसला दिसलं, तर मी पंचवीसला द्यायचं? कोळसा काय मोबाइल आणून देणारे?"

मी धोरण काढलं. मूळ भाड्यावर सवलत जास्तीत जास्त पंचवीस टक्के. १३७मधून पाव हिस्सा वजा केला तर कमीत कमी १०३. म्हणजे ९८ हा दर ॲपनेच नियम मोडून लावलेला. हे बोलता बोलता लक्षात आलं की मी कॅबवाल्याची बाजू मांडतोय.

तेवढ्यात सर आली. ॲप पुन्हा उघडलं: १८९. आणि हे मात्र नियमात बसतं! गर्दीच्या वेळी दीडपट चालते, म्हणजे २०५ पर्यंत.

"मीपण पावसात पाच वाढवते," मावशी लिंबू चोळत म्हणाल्या. "पण आधी सांगते. आणि ऊन पडलं म्हणून कोळशाच्या खर्चाखाली विकत नाही."

दर ठरवायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अख्खं प्राधिकरण आहे. बैठका होतात, दरपत्रक निघतं. तो आकडा ॲपमध्ये चढवायला लावणारं कुणी नाही. ड्रायव्हर आणि प्रवाशाने तो फोनवर, भर रस्त्यात, एकमेकांच्या आवाजाच्या पट्टीवर ठरवायचा. ॲपवाले तेवढ्यात 'प्रवास कसा वाटला' विचारतात. कुठला प्रवास?

"चाळीस ना?" मी पैसे काढले.

"पंचेचाळीस. पाऊस आलाय."

"चाळीस ठरले होते!"

"कधी? बुकिंग केलं होतं का?" त्यांनी कणीस पानात गुंडाळलं आणि बोट वर केलं. डोक्यावरून मेट्रो चालली होती. "ती थेट स्टेशनात जाते की. मी रोज तिनंच येते."




पंचेचाळीस दिले. जिना चढताना फोन वाजला. तोच कॅबवाला. "साहेब, १३७ चालतील का?"