‘पुण्यात टिकता आलं नाही’ असं म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

मुलं पुण्याऐवजी सोलापुरात का वाढवतोय, यावर मी मागे एक लेख लिहिला होता. त्यावर पुण्यात स्थायिक झालेल्या एका मूळच्या सोलापूरकर वाचकाची लांबलचक प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-चार दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात मुलं वाढवण्यात कसलं कौतुक, सोलापुरात नोकऱ्या नाहीत म्हणून मुलं उद्या हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्यालाच येणार, उन्हाळा असह्य, क्लासेस धड नाहीत. आणि शेवटी हे वाक्य: “ताई, खरं सांगा, तुम्हाला पुण्यात टिकता आलं नाही म्हणून लेकरांना सोलापुरात डांबलंत, आणि आता त्याचं कौतुक लिहिताय.” त्यापुढे हसणारे चेहरे.

दादा, तुम्ही मला ताई म्हणालात म्हणून मीही दादा म्हणते. मतभेदाचं मला वावडं नाही. त्याच लेखावर मुंबईच्या एका बाईंनी लिहिलं की त्यांच्या मुलाला लागणारे उपचार आणि त्याला सामावून घेणारी शाळा त्यांना मोठ्या शहरातच मिळाली, त्यामुळे माझं म्हणणं त्यांना पटत नाही. मी त्यांचे आभार मानले, कारण त्यांनी स्वतःचा अनुभव सांगितला, माझ्या घरात डोकावल्या नाहीत. तुम्ही मात्र हसलात. माझं घर तुम्ही पाहिलेलं नाही, मुलांची नावं तुम्हाला ठाऊक नाहीत, तरी मी त्यांना डांबलंय हे तुम्ही ठरवून टाकलंत. हे असं बोलणं तुम्ही समोरासमोर, आमच्या ओट्यावर बसून केलं असतंत का?

पाण्याचं तुमचं म्हणणं खरं आहे. ते मी नाकारत नाही. उजनी धरण भरलेलं असतानाही सोलापूरकराला दिवस मोजून पाणी भरावं लागतं, रात्री-अपरात्री मोटार लावायला उठावं लागतं, आणि हे ज्यांना इतक्या वर्षांत सुधारता आलं नाही त्यांच्यावर माझा राग तुमच्यापेक्षा कमी नाही. फक्त पुण्यात बसून हे ऐकवताना एवढं ध्यानात असू द्या की पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं आणि भीमा उजनीत येते. तेच पाणी शुद्ध करून आम्ही पितो, आमची मुलं पितात. आणि आम्ही पुण्यात वाकडला राहत होतो तेव्हा उन्हाळ्यात सोसायटीच्या दारात टँकरची रांग असायची, त्याचा वेगळा खर्च दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये चढायचा. तेव्हा पाण्यावरून आम्हाला कोणी हिणवू नये.

आता ते ‘टिकण्या’चं. याचं उत्तर मी सविस्तर देणार आहे.

आम्ही पुण्यात नापास होऊन परतलो नाही. फ्लॅट होता, हप्ता एकदाही चुकला नव्हता, माझ्या नवऱ्याला हिंजवडीच्या कंपनीत नुकती बढती मिळाली होती. माझीही नोकरी चालू होती. दुसऱ्या गरोदरपणात मला डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली, तेव्हा मोठी मुलगी तीन वर्षांची होती. नवरा सकाळी तिला पाळणाघरात सोडायचा आणि रात्री घेऊन यायचा. मी दिवसभर बेडवर, चार भिंतींत. समोरच्या फ्लॅटमधली माणसं चांगली होती, त्यांचा दोष नव्हता, पण दोघंही नोकरीला जायचे आणि दाराला दिवसभर कुलूप. एका दुपारी मला त्रास सुरू झाला तेव्हा हाक मारता येईल असं त्या अख्ख्या मजल्यावर कोणी नव्हतं. वॉचमनने रिक्षा आणली. नवरा भुमकर चौकाच्या गर्दीत अडकलेला. त्या रिक्षात बसून मी ठरवलं की हे बाळ घरी आलं की आपण आपल्या गावी जायचं. पुढे सगळं नीट झालं. पण निर्णय बदलला नाही.

याला तुम्ही न टिकणं म्हणता?

मग माझ्या वडिलांचं ऐका. ते सोलापुरात गिरणी कामगार होते. गिरणी बंद पडल्यावर, घरात आम्ही तीन भावंडं आणि आई असताना, ते भिवंडीला पॉवरलूमवर गेले. सोलापूरच्या पूर्व भागातल्या किती घरांतले बाप असे भिवंडीला, सुरतेला गेले ते त्या काळच्या कोणालाही विचारा. एका खोलीत आठ-दहा माणसं, पाळीपाळीने झोपायची. वडील तिथे टिकले. नुसते टिकले नाहीत, आमची शिक्षणं त्यांनी तिथल्या पैशांतून केली, आणि त्याबद्दल मी जन्मभर त्यांची ऋणी आहे. पण ते संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला यायचे, दिवाळीला यायचे, आणि आले की आम्ही भावंडं त्यांच्यासमोर पाहुण्यासमोर वागावं तशी वागायचो. माझा धाकटा भाऊ आजही त्यांच्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, पण बोलायची सवयच लागली नाही. मोठं शहर पगार देतं आणि त्या बदल्यात घरातून काय घेऊन जातं, हे मला कोणा पुणेकराने शिकवायची गरज नाही. वडील भिवंडीत राहत होते आणि माझा नवरा वाकडला, एवढाच फरक. मुलीला तिचा बाप निवांत असा रविवारीच भेटायचा.

इथे तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब पाहतो. पगार पुण्याच्या निम्माही नाही. हे मी लेखातही लिहिलं होतं, तुम्ही ते वाचलं नसावं. संध्याकाळी साडेसहाला तो घरी असतो आणि धाकट्याचा अभ्यास तोच घेतो. जुळे सोलापूरला नवीन सोसायटी न बघता आम्ही मुद्दाम माहेरजवळ, साखर पेठेत जागा घेतली. शेजारच्या तेलुगू आजींकडे माझी मुलं शाळेतून थेट जातात, मला फोन करायची गरज पडत नाही. माझी मुलगी तेलुगू समजते, मोडकंतोडकं बोलते, मैत्रिणीच्या घरी जाऊन कानडीत भांडून येते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथापुढे नाचते. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत पोरगा बाराबंदीचा अंगरखा घालून नंदीध्वजांच्या उंच काठ्यांमागे चालतो. परवा शाळेतून येऊन त्याने विचारलं, की सोलापूरच्या चार हुतात्म्यांमध्ये मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे अशी वेगवेगळ्या जातिधर्माची माणसं कशी. मी त्याला म्हटलं, आपल्या गल्लीत कोण कोण राहतं ते मोज. त्याने बोटांवर मोजलं आणि त्याला कळलं. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेलेली ती माणसं त्याला पाठ करावी लागली नाहीत. पुण्याच्या गेटवर नाव नोंदवून आत सोडणाऱ्या सोसायटीत, जिथे सगळे एकाच पगाराचे आणि एकाच प्रकारच्या नोकरीतले, तिथे हे मी त्याला कसं दाखवलं असतं?

तुमचे बाकीचे मुद्दे. उन्हाळा: होय, एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 वर जातो, दुपारी मुलं घराबाहेर पडत नाहीत. मी स्वतः याच उन्हात वाढले. क्लासेस: इथे वैद्यकीय महाविद्यालय 1963 पासून आहे, वालचंदचं अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 पासून, 2004 पासून स्वतःचं विद्यापीठ आहे. यात शिकून मोठी झालेली माणसं तुमच्या ऑफिसातही असतील, शेजारच्या टेबलावर विचारून पाहा. डॉ. कोटणीस याच गावात जन्मले आणि थेट चीनला जाऊन रुग्णसेवा करत वारले, त्यांचं गावामुळे काही अडलं नाही.

आणि मुलं उद्या पुण्यालाच येणार, हा तुमचा हुकमी मुद्दा. येतील की. यायचंच असेल तर सकाळच्या गाडीने चार तासांत पुण्यात उतरतील. मी त्यांच्या पायात बेड्या घातलेल्या नाहीत. अठराव्या वर्षी शिकायला जाणं वेगळं आणि तिसऱ्या वर्षी सकाळी आठ ते रात्री आठ पाळणाघरात असणं वेगळं. माझा लेख यातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल होता. तुम्ही पहिल्या गोष्टीबद्दल वाद घालताय, तर घाला, मला त्यात बोलायचं नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत एक गोष्ट मला सगळ्यात खटकली. तुम्ही स्वतः सोलापूरचे. तुमचे आईवडील इथेच राहतात असं तुम्हीच ओझरतं लिहिलंय. मग ज्या गावात तुमची म्हातारी माणसं पाणी भरताहेत, त्या गावावर हसताना तुम्हाला काहीच वाटलं नाही? तुमची मुलं आजीआजोबांकडे वर्षातून किती दिवस येतात, हे मी विचारणार नाही, कारण तो माझा विषय नाही. माझ्या घराबद्दल तुम्ही जेवढं बोललात तेवढं तुमच्या घराबद्दल बोलायचा मला हक्क नाही, आणि तुम्हालाही माझ्याबद्दल नव्हता.

प्रतिक्रिया मी काढलेली नाही, तशीच ठेवली आहे. पाण्यावर, नोकऱ्यांवर, शाळांवर पुन्हा लिहा, मी वाचेन आणि वेळ मिळेल तसं उत्तरही देईन. पण माझ्या मुलांचा उल्लेख पुन्हा या सुरात झाला तर ती प्रतिक्रिया इथे राहणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.